रुमालाखालचा भाव

अमरावती, ११ फेब्रुवारी १९६५

ति. बाबांस सुखदेवचा नमस्कार. दरवेळी साष्टांग लिहितो, आज लिहवत नाही.

मी बरा आहे. खानावळीत भाकरी मिळते, ती काळजी नको. मायचा खोकला थांबला का?

मामाचं पत्र आलं. पोरगा बी.एस्सी. झाला की मास्तर होईल, असा शब्द तुम्ही माझ्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापाले देऊन बसलात. मले काऊन नाही विचारलं? चिखलीत तिखटाची गिरणी टाकीन, हे दिवाळीत सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावली होती. मामाले मात्र म्हणालात, धंदा आपल्या रक्तात नाही.

परवा वर्गात सरांनी विचारलं, धंदा कोण करणार? चार हात वर झाले. तिघं दुकानदारांची पोरं, चौथा मी. सर हसले, तुझ्या घरात व्यापारी कोण? मी म्हटलं, कोणी नाही, म्हणूनच.

मी आठ वर्षांचा होतो. चिखलीच्या बाजारात अडत्यानं अन् व्यापाऱ्यानं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आपल्या मिरचीचा भाव ठरवला. मिरची आपली, अन् तुम्ही टोपी हातात घेऊन पोत्याजवळ मुके उभे. धंद्याचं माझ्या डोक्यात तिथं शिरलं, बाबा. कोण्या पुस्तकातून नाही.

सोयरिकीच्या बैठकीत तोच रुमाल होता. या खेपेला त्याखाली हात तुमचा होता, अन् पोत्याच्या जागी मी.

तुमचाच,
सुखदेव