नुसते ओठ हलव

१९ सप्टेंबर, मारेगाव

आजपासून विजयमालाबाईंच्या वर्गात. पेटी वाजवायला! बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता पोट्ट्याइले गाणं शिकवणार?" मी उठून हात धुतले. बोललो असतो तर ताट भिंतीवर गेलं असतं. यवतमाळला कॉलेजात डस्टर फेकून निघालो, तेवढं पुरे.

बाई शाळेतून रिटायर. ओसरीत लहान पोरांना गाणं शिकवतात. गुडघ्यांमुळे आता त्यांना पेटीशी बसवत नाही. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पाह्यते तुले. मग ठरवीन, वर्ग तुह्या हाती द्याचा का नाही."

खरं कारण फक्त इथे लिहितो — निशिगंधा. तिच्या भावाच्या मुलीला, उर्वशीला, रोज ही आत्याच घेऊन येते. उर्वशीची आई शेतात असते. आणि बाईंचा नियम असा की पोराला जो आणेल त्याने सोबत बसून आधी स्वतः शिकायचं. म्हणजे निशिगंधाला मी शिकवणार!

२० सप्टेंबर

बाई कुणाची परीक्षा घेत नाहीत. येईल तो आत. मी म्हटलं, यातले अर्धे बेसूर आहेत. बाई तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही.

"उर्वशी बोलायले शिकली तवा कोणी तिची परीक्षा घेतली का? सारं घर तिच्यासंग बोलत राह्यलं, म्हणून बोलली. गाणं तसंच येते. बेसूर पोट्टं मी अजून पाह्यलं नाही. ज्याले कोणी ऐकवलंच नाही, असे लय पाह्यले."

आणखी एक — वर्गात 'चुकलं' म्हणायचं नाही. फक्त 'पुन्हा' म्हणायचं. पन्नास वेळा चुकलं तरी पुन्हा! मला जमायचं नाही हे.

२६ सप्टेंबर

निशिगंधाचा सा लागला. स्वतःच दचकली, मग हसली. उठता उठता विचारते, "तुमी कॉलेज काहून सोडलं?"

"असंच."

"असंच कोणी सोडते का?"

रात्री जेवण गेलं नाही.

३० सप्टेंबर

ती आली नाही. उर्वशीला तिची आई सोडून गेली. वर्ग संपता संपेना.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. देवळाच्या सभामंडपात आमच्या पोरांची भुलाबाईची गाणी. बाई गुडघ्यांमुळे घरीच, सगळं माझ्यावर. गाव लोटलं होतं. उर्वशी सगळ्यांत जोरात गाते आणि तिचा सूर सगळ्यांच्या खाली. निशिगंधा पहिल्याच ओळीत बसलेली — तिच्यासमोर फजिती नको! मंचावर चढायच्या आधी उर्वशीच्या कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं."

तिने तसंच केलं. गुणी पोर. टाळ्या झाल्या. निशिगंधा म्हणाली, "मस्त बसवलं तुमी." मी हवेत!

१३ ऑक्टोबर

उर्वशी अजून नुसते ओठ हलवते. मला वाटलं चिडवते. खेकसलो, "तोंडातून आवाज काढ न!"

निशिगंधा ताडकन उठून उभी राहिली. सगळ्या पोरांदेखत.

"घरी भांडे विसळतानाही ओठच हालवून राह्यली ते. पह्यले घर डोक्यावर घ्याची. काहून विचारलं तं म्हणते, दादानं सांगतलं. तुमाले कोणी असं सांगतलं असतं तं?"

मला सांगितलं होतं, सरांनी. यवतमाळला, दुसऱ्या वर्षाला, भरल्या वर्गात — "तू खाली बस, हे तुझं काम नाही." म्हणून तर डस्टर.

तिला हे सांगितलं नाही. तोंड कुठे होतं?

बाईंना मात्र सगळं सांगितलं. वाटलं, आता घालवतात. म्हणाल्या, "आवाज तू नेला, तूच आण. तवा देईन वर्गाची किल्ली."

"कसा आणू?"

"गेला कसा ते तं ठाऊक आहे न तुले?"

१४ ऑक्टोबर

उर्वशीसमोर बसून म्हटलं, माझं चुकलं. ती हळूच म्हणते, "दादा, 'चुकलं' नाही म्हणाचं इथी."

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. किल्ली नाही. मागितलीही नाही.

रोज वर्ग सुटल्यावर उर्वशी आणि मी थोडा वेळ बसतो. ती भाता ओढते, मी बोटं फिरवतो. भुलाबाईची तीच चाल, हळू. गा म्हणत नाही. ती जोरात ओढते तेव्हा पेटी ओरडते, आणि ती हसते. आवाज करून हसते! एवढंच. निशिगंधा बाजूला बसलेली असते.

आज घरी आल्यावर लक्षात आलं — निशिगंधाने कोणता ड्रेस घातला होता, आठवतच नाही.

५ नोव्हेंबर

तरी निशिगंधाला मनातलं सांगायचं ठरवलं. रविवारी, वर्ग नसतो तेव्हा. तिच्या घरी जाऊन, सरळ. डस्टरचंही सांगीन. उर्वशीचा आवाज परत आणीन असा शब्द देईन, मग बाकीचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा गाडी डस्टरपाशीच अडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज उर्वशी एकटीच आली. पळत. बसली, भाता ओढला — आणि गायली! ओसरी दणाणली. चाल भुलाबाईची, शब्द तिचे स्वतःचे. "उद्या आत्याचं साक्षगंध, वणीचे पाहुणे येणार, आत्याले अंगठी घालणार, मले नवा फ्रॉक."

सूर खालीच लागला होता. बाई दार धरून उभ्या, डोळे मिटून. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. गाणं संपलं तशी ती माझ्या तोंडाकडे पाहायला लागली.

मी म्हटलं, "पुन्हा."