बाईंच्या व्हिसाची सूट

३ तारीख
संग्रहालयाचे संचालक म्हणाले, शंखांची खोली रिकामी करा, तिथे कॉम्प्युटर येणार. मी शांतपणे सांगितलं, गोगलगायींवर संशोधन करणाऱ्या परदेशी बाई येताहेत, त्यांनी माझा संग्रह पाहून काय ते सांगावं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. बिचकले असावेत.
बाईंना कळवलं, व्हिसाच्या भानगडीत पडू नका, मी सूट मिळवून देतो. आपल्या डाव्या हाताचा मळ.

५ तारीख
परवाना कार्यालय. खिडकीवरच्या कारकूनबाई म्हणाल्या, दोन ओळींचा साधा अर्ज द्या. दोन ओळी! पाहुण्या बाईंचा मान तो काय राहिला? तीन पानं लिहिली. 'देशाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाच्या' वगैरे. बायकोने विचारलं, पाहुणी येतेय की फौज? तिला सरकारी भाषा कळत नाही.

९ तारीख
अर्ज साहेबांकडे गेला. देशाच्या दृष्टीने महत्त्वाची व्यक्ती असेल तर खिडकीवर सही होत नाही म्हणे. म्हणजे वजन पडलं! जोर यावा म्हणून आणखी दोन पानं जोडली.
उद्यापासून पहाटे फिरायला जायचं.

१४ तारीख
फाईल मोठ्या साहेबांकडे. चढती कमान. फिरणं जमलं नाही, फाईलच्या काळजीत झोप पुरत नाही.

१९ तारीख, रात्र
फाईल राजधानीत, सुरक्षा तपासणीला. दिवसभर बाकावर बसून होतो. शेवटी कारकूनबाईंनीच हाक मारली. काका, साधा अर्ज असता तर मीच शिक्का मारला असता म्हणाल्या. मग मागे घेतो, म्हटलं. वर गेलेला अर्ज मागे घ्यायलाही वरचीच परवानगी लागते. घरी 'काम प्रगतिपथावर' एवढंच सांगितलं.

२४ तारीख
बाईंचा मेल. काळजी नसावी, तुमच्या शेजारच्या विभागातल्या सरांनी सोय केली. म्हणजे माशांच्या विभागातला तो मासेवाला! त्याने लिहिलं, 'ओळखीच्या बाई, आठवडाभर मासे पाहतील.' त्याच खिडकीवर, चहा गार व्हायच्या आत शिक्का.
वाईटातून चांगलं. बाई येताहेत ना, मग शंखही पाहतील.

२५ तारीख
नाही पाहणार. सूट फक्त माशांपुरती. शंखांसाठी माझ्या फाईलचा निकाल लागावा लागतो.

३० तारीख
स्वागताचं भाषण संचालकांनी मलाच करायला लावलं. तुमच्याकडे पाच पानं तयारच आहेत म्हणे. वाचली. टाळ्या पडल्या.
नंतर बाई आपणहून माझ्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, आत येऊ का विचारलं. संचालकांनी मासेवाल्याकडे पाहिलं, मासेवाल्याने जमिनीकडे. मी खिशातून एक शंख काढला, माझ्या सगळ्यांत लाडका. संचालक खाकरले. परत खिशात ठेवला. रडू येत होतं. बाई मासे पाहायला गेल्या.
उद्या खोली रिकामी. बायको एवढंच म्हणाली, पलंगाखाली ठेवू.
मी म्हटलं, तात्पुरते.