ओढ्यातलं बालोद्यान

प्रिय दादा,

पाकीट बघून तुला नवल वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मलाही आता चिडल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून लिहायलेय. माय बरी आहे. गुडघे दुखतात, पण पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं काही सोडत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या सरपंच नर्मदाबाई परभणीला माझ्या कॉलेजात आल्या. थेट प्रयोगशाळेत, पिशवीत गुंडाळलेला नकाशा घेऊन. म्हणाल्या, “गावाच्या वरच्या माळावर प्लॉट पडायलेत. पंचायतीचं म्हणणं मागितलंय. आमाला त्यातलं काय कळंना. तुमी पाणी तपासता, तुमी बघून सांगा.” मी नकाशा टेबलावर पसरला. कोपऱ्यात मालक म्हणून दोन नावं होती. एक तुझ्या त्या भागीदाराचं, परमेश्वरचं. दुसरं तुझं. नर्मदाबाईंनी ती आधीच वाचलेली असणार, कारण त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. माझा सख्खा भाऊ आपल्याच गावाच्या डोक्यावर वसाहत बसवायलाय, हे मला असं कळलं.

तरी म्हटलं, आधी बघू. पुण्यात इतकी वर्षं बांधकामात काढलेला माणूस, नीटच केलं असेल. रविवारी नकाशा हातात घेऊन नर्मदाबाई आणि गावातल्या चौघांबरोबर माळ पालथा घातला. दादा, कायद्यानं सोडायची ती मोकळी जागा तू कुठं सोडलीस? एक तुकडा विजेच्या मोठ्या तारांखाली. दुसरा इतका निमुळता की दोन म्हाताऱ्यांना समोरासमोर बसता येणार नाही. आणि सगळ्यांत मोठा, ज्यावर हिरव्या रंगात ‘बालोद्यान’ लिहिलंय, तो आपला ओढा. नकाशात ओढाच नाही. ज्याच्या पुरातून तू मला खांद्यावर बसवून शाळेतून आणायचास, तो तू पुसून टाकलास आणि त्यावर घसरगुंडी काढलीस. नर्मदाबाई म्हणाल्या, “ही बाग पावसाळ्यात वाहत पूर्णेला जाणार, तेबी बिनतिकीट.” बरोबरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पाण्याचं तर विचारूच नकोस. प्रत्येक घरामागं सांडपाण्याचा शोषखड्डा दाखवलाय. माळ सगळा मुरमाचा, वर ओतलेलं खाली पाझरणारच, आणि खाली पायथ्याशी गावाच्या नळाची विहीर आहे. तिचं पाणी मी तपासलं. आज ते चांगलं आहे, आणि म्हणूनच जास्त संताप होतो. हे तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, लोक आरओ बसवतील. त्याच विहिरीवर पिणाऱ्या रायभानमामांच्या मेंढ्यांनाही बसवून देणार आहेस का? मग परमेश्वर पेढे घेऊन आला. “ताई, सगळीकडं असंच असतंय,” म्हणाला. पेढे त्याच्याच हाती परत पाठवले. त्यावर तुझा फोन आला, “तू घरची आहेस का गावची?” तेव्हापासून मी तुझा फोन उचलत नाही. दोन्हींत फरक कधी पडला ते मला माहीत नाही.

मी नको म्हटलेलं नाही, दादा. ओढा आणि त्याचे काठ सोड, मोकळी जागा मधल्या सपाटीवर दे, सांडपाणी शुद्ध करून विहिरीपासून दूर ने, इतकंच पंचायतीच्या हरकतीत लिहिलं. काही प्लॉट कमी होतील. होऊ देत.

परवा ग्रामसभेत ते वाचून दाखवलं. कुणी बोलेना. आपल्या ओसरीवर बसून चहा प्यालेली माणसं, आपल्याच घराविरुद्ध कोण तोंड उघडणार? आपल्या शेजारचे भागवतअण्णा तर चपला शोधायला लागले. तेवढ्यात बायकांमधून माय उठली. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या लेकाचं हाय म्हणून गप बसू नका. हरकतीवर माझं पयलं नाव लिवा. त्या हिरीचं पाणी मलाबी प्यायचंय.” मग एकेक जण पुढं आला. रायभानमामा आले, शेवटी भागवतअण्णाही.

घरी आल्यावर ती तशीच चुलीपुढं जाऊन बसली. मला वाटलं, रडत असेल. जवळ गेले तर म्हणाली, “त्येला हापिसाची नोटीस जायच्या आदी आपलं पत्र जाऊ दे. मायनं सही केली, हे त्येला परक्याच्या तोंडून कळाया नको.” म्हणून हे लिहिलं. हरकतीची सुनावणी परभणीला होईल, तुलाही बोलावतील; तिथं साहेबांपुढं ती तुझ्याविरुद्ध बोलणार आहे, माघार घेणार नाही. आणि तिचा एक निरोप आहे, तिच्याच शब्दांत देते: “आला की लॉजवर उतरू नगं म्हणावं. आदल्या दिवशी घरी यी. सकाळी दोघं संगच जाऊ.”

तुझीच,
मंजू