खंडेनवमीचं माप

२२ सप्टेंबर, लातूर
आलो एकदाचे. किनवट सोडताना बायको, श्रद्धा, रडली, पण इथली खोली बघून खुलली. पोरगी सिंधू चार वर्षांची, तिला घराला गच्ची आहे एवढंच पुरे. फाउंड्रीतलं काम तर झकास. पंपाच्या ओतीव कव्हरावर चमकत्या गोल टिकल्या चिकटवायच्या, इस्तरीएवढा लेझर स्कॅनर हातात धरून उजेडाची रेघ सावकाश फिरवायची. लॅपटॉपवर कव्हर जसंच्या तसं उभं राहतं. मापाला जुळलं ते हिरवं, फुगलं ते लाल, खचलं ते निळं. नापास माल परत भट्टीत, वितळवायला. पास-नापास आपण, म्हणजे व्यंकटरावांनी ठरवायचं. मजा आहे बुवा आपली.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यंत्रांची पूजा, घरच्यांना बोलावणं. माझ्या स्कॅनरलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. सिंधूनं हट्टच धरला, माझा फोटो काढा. श्रद्धा म्हणाली, पूजेला ठेवलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलू नये, आज ते आपलं नसतं, समोर येईल ते ठेवून घेतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरला काय कळती खंडेनवमी. पोरीच्या गालांना टिकल्या लावल्या, डोळे मिटायला सांगितले आणि चेहरा घेतला. लई गोड आलाय, खळीसकट.

४ ऑक्टोबर
एका कव्हरावर लाल फुगवटा. हात फिरवला तर लोखंड सपाट. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर गाल, आणि गालावर खळी. माझा जोडीदार मल्लेश म्हणाला, पोरीची फाइल मिसळली असेल. नव्यानं माप घेतलं. तेच. नियमाप्रमाणे नापास करून भट्टीला पाठवलं. घरी आलो तर सिंधू तापानं फणफणलेली.

८ ऑक्टोबर
ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. पण उजवी खळी गेली. हसती, खळी पडत न्हाई. स्कॅनर घरी आणून तिचा चेहरा परत घेतला, खंडेनवमीच्या चेहऱ्यावर ठेवून बघितला. सगळं हिरवं. तेवढा गाल निळा, खळीसकट खचलेला.

१० ऑक्टोबर
नव्या कव्हरावर कपाळ आणि भुवई. नापास करायला हात धजेना, पण मॅनेजर शेजारीच उभे, करावंच लागलं. दुपारी श्रद्धाचा फोन, पोरगी भाजल्यासारखी ओरडून राहिली. घरी जाऊन बघितलं. डावी भुवई नाही. कातडी गुळगुळीत, कधी नव्हतीच जशी.
श्रद्धा म्हणाली, सांगितलं होतं, उचलू नका म्हणून. बरोबरच आहे तिचं.

१३ ऑक्टोबर
फाइल कधीच पुसली. उपयोग न्हाई. आता सगळाच माल पास करतो. तिच्या खुणांची कव्हरं कपाटामागं दडवली. सिंधू आज जेवली. भीती वाटते, फार भीती वाटते.

१५ ऑक्टोबर
मॅनेजरला कळलं. मला घरी बसवलं. माप आता मल्लेशकडं. त्याला हात जोडून सांगितलं, कपाटामागचं काही हलवू नको. म्हणाला, व्यंकटभाऊ, जरा झोप घ्या.

१६ ऑक्टोबर
मल्लेशचा फोन — दडवलेला माल सापडला — मॅनेजरनं सगळा तपासायला लावला — एका कव्हरावर पूर्ण चेहरा — डोळे उघडे. मी घेताना मिटलेले होते.
थांब म्हटलं. म्हणाला, मघाच नापास झालं, भट्टीत टाकायला क्रेनला लावलंय —
आता फोन उचलत न्हाई कुणी.
सिंधू मांडीवर. विचारती, बाबा, मला कोण उचलून राहिलंय —
श्रद्धा तिच्या अंगावर पाणी ओतून राहिली. ऊन होऊन सांडतंय —
तिचा चेहरा वितळून माझ्या हाताला —