बाजारातल्या खोलीची किल्ली

माय, आज बाजाराचा दिवस आहे. दुकानाच्या दारात शिलाई मशीन ओढून बसले आहे आणि हाताला काम नाही, म्हणून तुला लिहिते आहे. लिहायला घेतलं की माझी शाळेतली भाषा येते, तू असतीस तर हसली असतीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की बाजारातली तुझी जागा कोणती, हे आता कोणी सांगणार नाही. चक्कीच्या भिंतीला लागून, जिथं दुपारपर्यंत सावली असते, ती. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो.

मी दुसरी-तिसरीत असेन. तू मला जीपमध्ये कोंबून इथं, केनवडच्या याच बाजाराला आणलं होतंस. गवारीच्या शेंगांचं पोतं आपल्या पायांवर. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. शेजारच्या हॉटेलवाल्यानं पाण्याचा जग ठेवला होता आणि मी ग्लासावर ग्लास पीत होते. तू माझ्या हातातून ग्लास ओढलास. "कितीक पेतं? आता तुले कुठं नेऊ मी?" मला रडू आलं; आई पाण्याला नाही म्हणते, एवढंच मला कळलं. आणि व्हायचं तेच झालं. तू शेंगा शेजारणीच्या हवाली केल्यास, मला पार नाल्यापलीकडे नेलंस, लुगड्याचा पदर आडवा धरून उभी राहिलीस. मी म्हटलं, "तू बी बस ना." तू म्हणालीस, "मले नाही लागत." मोठ्या बायकांना लागतच नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चालले होते.

तू आजारी पडलीस तेव्हा वाशिमच्या डॉक्टरनं तुला विचारलं होतं, पाणी कमी पिता काय. तू खाली मान घालून म्हणालीस, "घरी पेतो नं." दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं होतं. आग होते हे तू मलाही सांगितलं नव्हतंस. दवाखान्यातून परत येताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. विचारायला शब्दच नव्हते आपल्या घरात त्या गोष्टीला.

माझे मालक गेल्यावर मी इथं परत आले, बाजारासमोर गाळा घेतला, ब्लाउज शिवू लागले. त्याच सुमारास बाजाराच्या मागच्या अंगाला एक खोली बांधली गेली. दारावर निळ्या रंगात 'महिला स्वच्छतागृह' असं लिहिलं. फीत कापली, पेढे वाटले, आणि कुलूप लागलं ते कायमचं. बायका पहिल्यासारख्याच बाभळीमागं जात राहिल्या, नाहीतर जातच नव्हत्या. तुझ्या शेजारी बसणारी ती पानवाली आठवते? विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची ती. अजून येते. एका बाजारी तिला भोवळ आली. मी तिला दुकानात आणून बसवलं, पाणी दिलं. तिनं ग्लास हातानं मागं सारला. "नको बाई. अजून बाजार उठाचा हाय."

त्याच आठवड्यात मी ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. खोली बंद का आहे, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे त्याच्या कागदाची नक्कल द्यावी, एवढंच मागितलं. महिन्यानं उत्तर आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्यानं देता येत नाही. बायकांची मुतारी यांना वैयक्तिक वाटली. मी एकटीच हसले. हसून झाल्यावर दुकानात दुसरं कोणी नाही हे लक्षात आलं.

कारण तोवर गावात असं बोलणं उठलं होतं की हिच्यामुळं बाजारच दुसरीकडे हलवणार आहेत. कोणी उठवलं ते माहीत आहे, पण नाव कशाला घेऊ. बायका ब्लाउजचे कपडे परत न्यायला आल्या. एकीनं तर कापलेला कपडा तसाच नेला. भावाचा पुण्याहून फोन आला. "काहून करून राह्यली हे? तुह्या घरी संडास हाय ना?" मी म्हटलं, "हाय." "मंग?" त्या 'मंग'चं उत्तर माझ्याकडे होतं, पण तो तुझाही मुलगा आहे आणि त्याला ते सांगावं लागावं याचंच वाईट वाटलं.

मी अपील केलं. तालुक्याला पंचायत समितीत सुनावणी. लोक दोघं-तिघं मिळून आले होते, एकमेकांना चहा सांगत होते. मी व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला आणि पोळी खाऊन घेतली. मग पुकारा झाला. आमचे ग्रामसेवक म्हणाले, "साहेब, या बाईचं घर बाजाराच्या मांगंच हाय. हिले काय करायची हे माहिती? उगा तरास देते." अपील ऐकणारे साहेब वयस्कर होते, चष्मा कपाळावर. ते म्हणाले, "माहिती कशाला पाहिजे, हे विचारता येत नाही तुमाले. आणि याच्यात वैयक्तिक काय हाय? कोण्या बाईचं नाव मागतलं का तिनं?"

माहिती द्या, असा आदेश झाला. पण 'बंद का आहे' हे साहेबांनी बाजूला ठेवलं. "ताई, कागदावर जे हाय ते मागता येते. 'का'चा कागद नसते." मला ते पटलं आणि लागलंही.

नक्कल मिळाली. खोली पूर्ण, वापरात, किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात. मी तो कागद घेऊन सरपंचांसमोर उभी राहिले. "वापरात हाय असं तुमीच लिहून देलं. मंग उघडा." त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग शिपायाला म्हणाले, "उघड रे." आत मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या होत्या. पुढच्या बाजारापर्यंत ते सगळं हललं, नळ बसला. उघडलं ते पंचायतीनं, असंच सगळे म्हणतात. म्हणू देत. बायका जातात, येतात, हात धुतात. माझ्या दारावरून जाताना सरळ समोर पाहतात, माझ्याकडे नाही. पानवाली मात्र एकदा दुकानात आली, उभ्या उभ्या म्हणाली, "चांगलं केलं पोरी. पण माह्यासंग बोलली असं सांगू नको कोणाले." आणि निघून गेली. मला तिचा राग आला नाही. तिला अजून इथंच बसायचं आहे.

हे पत्र मी कोणत्या पेटीत टाकणार आहे? घडी घालून मशीनच्या खणात ठेवीन. पण एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. निकाल लागला तेव्हा मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. अपील चालू होतं तोवर पोस्टमन माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारायचा, पाकीट द्यायचा, सही घ्यायचा. तालुक्याला साहेबांनी मला 'ताई, बसा' म्हटलं होतं. आता कोणी काही पाठवत नाही. काल मी एक कोरा अर्ज घेऊन बसले होते. विचारायचं असं काहीच सुचत नव्हतं, तरी वर माझं नाव आणि पत्ता लिहून ठेवला आहे.