पट्टा अजून उघडा होता

बाबा, तुमचा पट्टा बुडाला. दोन पावसाळे होऊन गेले, तरी माझा विश्वास बसत नाही. ओढ्यावरच्या रेल्वेपुलाच्या खांबाला तुम्ही दरवर्षी मृगाच्या आधी तांबडा पट्टा मारायचात; पाणी तिथवर चढलं की गाडी थांबवायची. मी लहान आहे, खाली वाळूत उभी आहे आणि ओल्या रंगाला बोट लावते. तुम्ही कधी ओरडत नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "हात काढ. ह्याच्याकडं बघून गाडी थांबती." मग संध्याकाळी डब्याच्या बुडाशी राहिलेल्या रंगानं माझ्या शाळेच्या पेटीवर माझं नाव काढून दिलंत. वाकडंतिकडं होतं, पण लई मिरवलं मी ते.

तुम्ही गेलात, पट्ट्याला रंग दुसरे गँगमन देऊ लागले, तरी रुळाखालच्या आपल्या वस्तीत तो तुमचाच पट्टा राहिला. पाऊस लागला की बाया दारातून पुलाकडं बघायच्या. पट्टा उघडा असला की निवांत चूल पेटवायच्या. त्या दुपारी वर डोंगरात असा काही पाऊस कोसळला की शेजारी धावत आईला न्यायला आला, तर ही भाकरी थापत बसलेली. "पट्टा उघडा हाये अजून," म्हणाली. "ह्यांचा पट्टा कदी चुकला का?" तव्यावरची भाकर उलटेपर्यंत पाणी उंबऱ्याच्या आत आलं. त्यानं तिला पाठीवर घेऊन रुळावर चढवलं, तर तिथंही घोट्याएवढं पाणी.

दुसऱ्या दिवशी मी पोचले. भराव वाहून गेला होता आणि रूळ नुसते हवेत लोंबत होते. पुलाखालून पाण्याला किती वाट ठेवायची हे ठरवणं हीच माझी नोकरी, बाबा. मागं किती पाऊस पडला ते बघून आम्ही ते ठरवतो. आणि असा पाऊस तर मागं कधी पडलाच नव्हता. आई गेली असती. तुमच्या पट्ट्याकडं बघत बसून गेली असती.

नवा पूल मीच आखला. चांगला उंच, खांबांमधले गाळे रुंद ठेवलेला. मागच्या आठवड्यात त्याच्यावर पट्टा मारला, तुमच्यापेक्षा पुरुषभर वर. वस्तीतल्या बाया बघायला आल्या होत्या. "आता घोर न्हाई ना ताई?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, न्हाई म्हणाले.

त्याच दिवशी मी आईची लुगडी माझ्या जुन्या शाळेच्या पेटीत भरली आणि तिला हिंगोलीला माझ्याकडं न्यायला जीप बोलावली. ती पेटीवरच्या नावावरून हात फिरवत बसली होती.

"पूल तर तूच बांधला," म्हणाली. "मग मला काहून घेऊन चालली?"

मी पेटी उचलून जीपमध्ये ठेवली. हे पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते बाबा, नवा पूलही मी मागचाच पाऊस बघून आखलाय; बायांना हे अजून बोललेले नाही.