मी तपासलेली गाडी

७ सप्टेंबर, रविवार

गाडी घ्यायचं नक्की. बोईसर-पालघर रस्त्याने स्कूटरवर कंबर उरलेली नाही. सेकंडहँडच घेणार. नवी काय, कोणीही घेतं. जुनी घ्यायला नजर लागते. बावीस वर्षं एमआयडीसीत बाटल्यांची बुचं तपासतोय. लाखात एक वाकडं असलं तरी माझ्या हाताला लागतं.

पालघरला विक्रमकडे एक सिल्व्हर गाडी बघितली. विक्रम जुन्या गाड्या विकतो. बोलायला फार गोड. चारही टायरना लाथा मारल्या. बॉनेट उघडून बराच वेळ ‘हं’ म्हणत उभा राहिलो. आत अत्तराचा असा घमघमाट, की चपला काढून बसावंसं वाटलं. आधीचा मालक धार्मिक असावा.

उद्यापासून पितृपक्ष, म्हणून व्यवहार नाही. मनाने मात्र घेतली.

८ सप्टेंबर

कँटीनमध्ये विषय सहज निघाला. (मीच काढला.) म्हटलं, स्वतः तपासली, डोळे झाकून घ्यावी अशी गाडी.

पॅकिंगचा चिंधू नेहमी माझ्याच टेबलावर असतो. मासवणचा. नऊ वर्षं एकत्र जेवतोय. तोही गाडी शोधतोय. मुलगी सपना बाळंतपणाला आलीय, आठवा चालू आहे. वेळ आली तर तिकडे वाहन मिळेलच असं नाही. नंतर मासवण-पालघर प्रवासी ने-आण करायचा विचार आहे. म्हणाला, “साहेब, आमच्यासाठी बी एक बघा. तुमची नजर हाय.”

बघतो म्हटलं. माणसाला माणसाची पारख असते.

१४ सप्टेंबर, रविवार

कीर्ती आणि दिशा, दोघी मायलेकींना गाडी दाखवायला नेलं. बायका रंग बघतात, आपण इंजिन बघतो, असा अंदाज होता.

कीर्तीला आत बसल्याबरोबर सहा शिंका. म्हणाली, एवढं अत्तर कशाला मारलंय? मग तिने सीट बेल्ट ओढला. मला वाटलं लावून बघतेय. ती ओढतच राहिली. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ. तोवर दिशाने डिकीतलं कापड उचललं. स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, आणि त्यात एक गोगलगायीचं कवच. “बाबा, ही पण गाडीबरोबर फ्री आहे का?” म्हणाली. कॉलेजात जायला लागल्यापासून फार बोलते.

विक्रमला विचारलं. तो म्हणाला, पावसाळ्यात गाडी भिजायचीच. मी नजर रोखली. तेव्हा म्हणाला, जुलैत एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये होती, पाणी सीटच्या वर काही गेलं नाही.

मी शांतपणे मान हलवली. मला आधीच शंका होती, असं दिसलं पाहिजे होतं. घरी येताना कीर्ती म्हणाली, “आधीच शंका होती तर आम्हाला कशाला नेलंत?”

१५ सप्टेंबर

विचार करतोय. पाणी म्हणजे शेवटी पाणीच. वाळतं. माणूस विहिरीत पडून वाचला तर त्याला कोणी भंगारात काढत नाही. शिवाय कँटीनमध्ये सांगून झालंय.

कीर्ती म्हणाली, “घ्यायची तर घ्या. मी बसणार नाही, दिशालाही बसू देणार नाही. भर रस्त्यात वायरिंग गेलं तर ढकलायला तुम्ही एकटे.”

निर्णय: घेत नाही. तिच्या म्हणण्यावरून नव्हे. सिल्व्हर रंग मला आधीपासूनच थोडा फिका वाटत होता.

१६ सप्टेंबर

कँटीनमध्ये सगळे विचारायला लागले, कधी आणताय? पेढे कधी? पाणी शिरलं होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुम्ही तपासलंत काय? म्हणून म्हटलं, गाडी उत्तमच आहे, पण आमच्या गल्लीत वळत नाही.

चिंधूने लगेच विक्रमचा नंबर मागितला.

दिला. कोणी नंबर मागितला तर नंबर देणं हा साधा शिष्टाचार आहे. मी ‘घे’ म्हटलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१७ सप्टेंबर

उद्या चिंधूला सांगणार. एक वाक्य: “त्या गाडीत पाणी गेलं होतं.” पाच शब्द. अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही.

१८ सप्टेंबर

चिंधू सेकंड शिफ्टला. थांबलो असतो, पण आभाळ भरून आलेलं.

१९ सप्टेंबर

चिंधू भेटला. विषयाला हात घातला. म्हटलं, चिंधू, पाण्यापासून जपावं. तो म्हणाला, “व्हय साहेब, यंदा लय पडला.” मग भाताबद्दल बोललो. भाताची बरीच माहिती मिळाली.

तसंही पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही. वेळ आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

चिंधूने गाडी घेतली.

सकाळी पेढे घेऊन आला. पहिला पेढा मला. म्हणाला, “तुमी बघितलेली, म्हणून तर बघायला गेलो.” सगळ्यांसमोर. मी पेढा खाल्ला. नको म्हणालो असतो तर त्याला वाईट वाटलं असतं. त्याने दुसरा दिला, तोही खाल्ला.

दुपारी कामात जास्तच लक्ष घातलं. आज बुचांची एक पूर्ण बॅच रिजेक्ट केली. सुपरवायझर म्हणाला, यात खराब काय आहे? मलाही दाखवता आलं नाही.

२५ सप्टेंबर

सारखी सपना डोळ्यासमोर येते. मी तिला एकदाच पाहिलंय, तिच्या लग्नात. आग्रह करून माझ्या पानात पुन्हा भात वाढायला लावला होता. आता ती त्या सीटवर बसलीय, कळा सुरू झाल्यात, सूर्या नदीच्या पुलावर गाडी बंद पडलीय आणि चिंधू चावी फिरवतोय. पुढचं मी मनात येऊ देत नाही. तरी येतं.

अर्थात गाड्या कोणत्याही बंद पडतात. नव्यासुद्धा.

२७ सप्टेंबर

कीर्तीने विचारलं, ती बुडालेली गाडी शेवटी कोणाच्या गळ्यात पडली? म्हटलं, कल्पना नाही. मग जेवताना सांगितलं.

ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. ताट बाजूला सारून एवढंच म्हणाली, “मी दिशाला बसू दिलं नाही. त्याचीही मुलगीच आहे ना हो?”

२८ सप्टेंबर, रविवार

मासवणला जायला निघालो. पालघरपर्यंत पोचलो. तिथे लक्षात आलं की रिकाम्या हाताने जाणं बरं नाही. काय न्यावं ते ठरेना. परत आलो. घरी सांगितलं, पावसामुळे पुढे जाता आलं नाही. कीर्तीने खिडकीतून लख्ख उन्हाकडे पाहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा

आज गेलो. मासवणला पोचलो.

चिंधूच्या अंगणात गाडी चारही दारं उघडून उभी. सीट काढून उन्हात ठेवलेल्या, कार्पेट कुंपणावर वाळत. सपना पाट घेऊन दारात बसलेली. मला पाहून चिंधू गडबडला. चक्क कार्पेटच्या पुढे येऊन उभा राहिला.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. गाडी पाण्यातली हाय.”

त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. “दार उघडलं तवाच गाळाचा वास आला. नदीच्या गाळात मासं धरतो आमी, अत्तराने काय व्हतंय?” त्याचा भाचा मिथुन बोईसरला गॅरेजमध्ये आहे. त्याने आधी सगळी खोलून बघितली, विक्रमला गाळ दाखवून किंमत पाडली, मग घेतली. वायरिंग बदललं. तपासून झाल्याशिवाय सपनाला बसवणार नाहीत.

म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस?

“तुमी सगळ्यांना सांगितलेलं ना, तपासली म्हणून. बोललो, साहेबांना कळलं नाय, उगा चारचौघांत त्यांची लाज कशाला काढायची.”

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. माहीत होतं म्हणावं तर लबाड. नव्हतं म्हणावं तर मठ्ठ.

“खरंच रे,” मी म्हणालो, “माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सपनाने चहा आणला. आपट्याची पानं दिली. चहात साखर बेताची होती, तरी अर्धा कप ठेवून निघालो.

९ ऑक्टोबर

सपनाला मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या, मिथुनने गाडी काढली, वेळेत पालघर. गाडी कुठे अडली नाही.

मी हॉस्पिटलात जाऊन आलो. चिंधूने बाळ दाखवलं. मूठ मिटून झोपलेली. व्हरांड्यात आलो आणि अचानक माझ्याच तोंडून निघालं, “चिंधू, मला माहीत होतं.”

“काय?”

“पाण्याचं. तू घ्यायच्या आधी.”

त्याला समजायला जरा वेळ लागला. मी तयार केलेलं पुढचं सगळं, म्हणजे गल्ली, कँटीन, पितृपक्ष, सांगायला घेतलं. त्याने हात वर करून थांबवलं.

“आणि आमी ती घेणार, हे बी माईत व्हतं?”

मी हो म्हणालो.

“माझी पोर बसणार हे बी?”

हो.

तो आत गेला. मी थोडा वेळ बाकावर बसलो आणि मग निघालो. एकंदरीत मोकळं वाटतंय. खरं बोलल्यावर वाटतंच. त्याने मनावर घेतलेलं दिसलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चिंधू कामावर आला. कँटीनमध्ये बर्फी वाटली, मलाही दिली. सगळ्यांना मिळते तेवढीच. मग डबा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला.

तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो.